सीपीयूला थर्मल पेस्ट कशी लावायची : पहिल्यांदाच कॅबिनेट उघडणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की माझ्याकडं एकच तक्रार घेऊन लोकं येतात, पीसी मधेच बंद पडालाय, नाहीतर फॅन एवढा ओरडतोय की रात्री घरातली माणसं उठून बसतात. मशीन बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातलं असेल तर मी न उघडताच अर्धं सांगून टाकतो, कारण घरात नाहीतर शेजारी कापड विणायचा माग चालत असेल तर सुताची जी बारीक लव उडते ती सरळ सीपीयूवरच्या कूलरच्या पात्यांत जाऊन बसते आणि दोन वर्षांत तिथं गादीसारखा थर होतोय. निपाणीकडचं मशीन उघडलं की तंबाखूचा वास येतो, उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या ऑफिसातलं असेल तर तेलकट काळी धूळ, पुसायला गेलं की पसरते. मग धूळ काढतो, कूलर काढतो, आणि खाली बघतो तर पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, नाहीतर कुणीतरी एवढी थापलेली असते की प्रोसेसर, म्हणजे सीपीयूच, शोधावा लागतोय.

हे काम घरी करता येतं. पहिल्यांदा करताना तासभर धरा, घाई नको. मी हे माझ्या भाच्याला शिकवलं, तो पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, आता त्याच्या मित्रांची मशीनं तोच करतो. त्याला जसं सांगितलं तसंच इथं लिहितोय.

पेस्ट करते काय

पहिला गैरसमज हाच की पेस्टनं प्रोसेसर थंड होतो. नाही होत. थंड करतो तो कूलर, म्हणजे ते ॲल्युमिनियमचं नाहीतर तांब्याचं धूड आणि त्याच्यावरचा फॅन. पेस्ट फक्त प्रोसेसर आणि कूलर या दोघांच्या मधल्या फटी भरते.

आता तुम्ही म्हणाल दोन्ही तर गुळगुळीत आहेत, फट कुठली? उद्यमबागेत काम केलेल्या कुणालाही विचारा. सरफेस प्लेटला, म्हणजे एकदम सपाट पाटाला, ब्लू म्हणतात तो निळा रंग लावून त्याच्यावर जॉब, म्हणजे बनवलेला भाग, घासून बघतात, तेव्हा डोळ्याला आरशासारखा दिसणारा जॉबसुद्धा सगळीकडं निळा होत नाही, जिथं उंच आहे तिथंच निळं लागतं, बाकी तसंच राहतंय. प्रोसेसरचं वरचं झाकण आणि कूलरचा तळ यांचंही तसंच असतं, दोन्ही टेकतात ते मोजक्या ठिकाणी, बाकी सगळ्या बारीक खळग्यांत हवा. आणि हवा उष्णतेला पुढं जाऊ देत नाही. घरातलंच बघा, भाकरी तव्याला जिथं टेकली तिथं भाजते, डाग पडतात, आणि जिथं खाली हवा राहिली तिथं पांढरी कच्ची राहते, तवा कितीही तापवा.

आकडे सांगतो म्हणजे नीट कळेल. उष्णता वाहून न्यायची ताकद वॅट प्रति मीटर केल्विन अशी मोजतात. त्यात हवेचा आकडा साधारण ०.०२६, तांब्याचा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३० च्या वर, आणि बाजारातल्या बऱ्या पेस्टचा कंपन्या सांगतात तो ४ पासून १२ पर्यंत. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण तांब्यापुढं काहीच नाही. एवढं कळालं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. जिथं धातू धातूला टेकतोय तिथं मधे पेस्ट नकोच, जिथं टेकत नाही तिथंच हवी. म्हणून थर पातळ पाहिजे, आणि पातळ होतो तो कूलरच्या दाबानं, आपल्या बोटानं नाही. मी आजपर्यंत जेवढी गरम मशीनं बघितली त्यातल्या बऱ्याच जणांची पेस्ट चांगलीच होती, कूलर एका कोपऱ्यातून उचललेला होता.

काय काय जमवायचं

पेस्ट घेताना फार डोकं लावू नका. आर्क्टिकची एमएक्स ४ किंवा एमएक्स ६, नॉक्टुआची एनटी एच१, डीपकूल किंवा कूलर मास्टरची साधी ट्यूब, यातलं जे खात्रीच्या दुकानात मिळेल ते घ्या, दोन-चार डिग्रीचा फरक असतोय. एमएक्स ४ च्या नकली ट्यूब लई निघाल्या होत्या, आर्क्टिकनं आपल्या साईटवर माल खरा आहे का ते तपासायची सोय ठेवली आहे, ऑनलाईन मागवली असेल तर एकदा बघून घ्या. एलईडीला आणि ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी स्वस्त पेस्ट मिळते ती अगदीच अडलं तर चालते, पण लवकर वाळते, तेच काम परत करायला लागतंय. आणि लिक्विड मेटल नावाचा प्रकार नवीन माणसानं आणूच नये. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतं, आणि वीज वाहून नेतं, म्हणजे एक थेंब मदरबोर्डावर सांडला की बोर्ड गेला.

टूथपेस्ट, व्हॅसलीन, हे लावून चालतं असं व्हिडिओ बघून विचारणारे आहेत. टूथपेस्टमधलं पाणी तापलं की उडून जातं, मग उरते ती पावडर. नका लावू.

जुनी पेस्ट काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, लागतं, ९९ टक्केवालं. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड धुवायला तेच वापरतात, त्यामुळं खडेबाजारात अशा दुकानांतून विचारत फिरलं की मिळतं, आणि चिकोडी-गोकाककडं असाल तर कन्नडमध्ये ‘आयपीए ऐतेन’, म्हणजे आयपीए आहे का, एवढं विचारलं की भागतंय. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि सुवास घातलेला असतो, त्याचा चिकट थर मागं राहतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक खराब होतं.

पुसायला चष्म्याचं मऊ कापड किंवा लव न सोडणारा टिश्यू. जुनं बनियन, मागावरच्या चिंध्या अजिबात नको, एक धागा मधे राहिला तरी कूलर तेवढा वर उचलला जातो. एक चांगला दोन नंबरचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा एक इंची कोरा ब्रश, थोडा मास्किंग टेप आणि मोबाईल. मोबाईल फोटोसाठी, प्रत्येक वायर काढायच्या आधी एक फोटो.

उघडायच्या आधी आकडा लिहून ठेवा

हे कुणीच करत नाही आणि मग पेस्ट बदलून फरक पडला का तेच कळत नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, ही टेंपरेचर दाखवणारी सॉफ्टवेअरं, यातलं एक काहीतरी टाका, दोन्ही फुकट आहेत. मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून सीपीयूचं टेंपरेचर लिहा, मग सिनेबेंच, म्हणजे सीपीयूवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर, दहा मिनिटं चालवून लोडवरचं लिहा, आणि खोलीत किती गरम आहे तेही लिहा. खोलीचं का, तर कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोली दहा डिग्रीनं तापली की सीपीयूही साधारण तेवढाच वर जातो. जानेवारीतल्या बेळगावच्या पहाटे घेतलेला आकडा आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली घेतलेला आकडा यांची तुलना करून काही उपयोग नाही.

साध्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला, म्हणजे इंटेलचा आय५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी वगैरे, काहीच चालू नसताना ३५ ते ५० आणि लोडवर ७० ते ८५ असेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० डिग्रीला आणि एएमडीचे ९५ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतात, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापत राहिलं तर मशीन बंद होतं. नुसतं चालू ठेवलेलं मशीन ६५-७० वर बसलंय असं दिसलं तर मात्र काहीतरी बिघडलंय हे नक्की.

आणि आकडे लिहून झाले की लगेच पुढच्या कामाला लागा, मशीन गरम असतानाच. त्याचं कारण आता सांगतो.

कूलर काढणे, सगळ्यात जोखमीचं काम इथंच

पेस्ट लावताना कुणाचं काही मोडत नाही. मोडतं ते काढताना.

एएमडीचे एएम४ सॉकेटचे प्रोसेसर, म्हणजे रायझन १००० पासून ५००० पर्यंतचे, यांच्या पोटाला १३३१ पिना असतात, केसासारख्या बारीक. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, त्यांना घट्ट धरून ठेवत नाही. जुनी पेस्ट थंड होऊन गोंदासारखी झाली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला तर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, आणि आला की पिना वाकतात. माझ्या हातून हे झालंय. वडगावच्या मामांच्या मुलाचं मशीन होतं, लॉकडाऊनमध्ये त्याच्यावरच त्याचा कॉलेजचा अभ्यास चालायचा, आणि मी घाईत ओढला. अकरा पिना वाकल्या. ०.७ च्या पेन्सिलीचं पोकळ टोक एकेका पिनेत घालून सरळ करत रात्री दीडपर्यंत बसलो, नशिबानं एकही तुटली नाही, पण त्या रात्री मामांच्या घरात कुणी झोपलं नाही ते मला अजून आठवतं. म्हणून हे तळमळीनं सांगतोय, मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, स्क्रू सोडवा आणि कूलर आधी डावी-उजवीकडं हळूहळू पिळा, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसं, पण झटका न देता. तो सैल झाल्याचं हाताला कळतं. मगच वर उचला.

इंटेलमध्ये २००४ च्या एलजीए ७७५ पासून आणि एएमडीत २०२२ च्या एएम५ पासून पिना बोर्डावर असतात आणि प्रोसेसरवर लोखंडी पट्टी दाबून बसलेली असते, त्यामुळं तो उपटून येत नाही. पण तिथं दुसरी काळजी, पट्टी उघडून प्रोसेसर उगीच बाहेर काढू नका. पेस्ट बदलायला त्याला हात लावायची गरजच नाही. सॉकेटमधल्या त्या पिना एकदा वाकल्या की घरी सरळ करणं लई अवघड.

क्रम असा. मशीन बंद, मागचा स्विच बंद, प्लग काढा, आणि पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जातो. कॅबिनेट आडवं झोपवा, बोर्ड तुमच्याकडं तोंड करून. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल, आणि अधूनमधून परत लावत राहा. फॅनची वायर काढा, ओढायची ती वायरीला धरून नाही तर कनेक्टरला धरून.

इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात, डोक्यावर बाण काढलेला असतो. बाणाच्या दिशेनं फिरवलं आणि वर ओढलं की सुटतात. रायझनबरोबर येणाऱ्या व्रेथ स्टेल्थ कूलरला चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात, ते एकदम एकच पूर्ण काढू नका, एकाला दोन वेढे, मग समोरच्या कोपऱ्यातल्याला दोन वेढे, असं थोडं थोडं करत सोडवा.

कूलर हातात आला की आधी त्याची धूळ. फॅन हातानं धरून ठेवा, फिरू देऊ नका, आणि ब्रशनं पात्यांच्या मधली लव काढा. मागाच्या घरातला कूलर असेल तर फॅन वेगळा करून मधली गादी चिमट्यानं उपसा, कारण ती नुसत्या ब्रशनं निघत नाही आणि ती तिथं असेपर्यंत जगातली सगळ्यात महाग पेस्ट लावली तरी टेंपरेचर उतरणार नाही.

पुसणे

जुनी पेस्ट आधी कोरड्या टिश्यूनं जेवढी निघेल तेवढी काढा. मग कापडावर अल्कोहोल घ्या, प्रोसेसरवर ओतू नका. कडेकडून मधे असं पुसा म्हणजे घाण बोर्डावर सांडत नाही. वाळून कडक झाली असेल तर ओला टिश्यू दोन मिनिटं वर ठेवा, सुटते. सुरी, ब्लेड, पेचकस काही लावू नका. प्रोसेसरवरची अक्षरं स्वच्छ वाचता आली आणि कापड परत पुसल्यावर पांढरंच राहिलं की झालं. कूलरचा तळही तसाच. त्यानंतर बोट लावायचं नाही, आपल्या बोटाला तेल असतं.

पाच मिनिटं वाळू द्या.

किती लावायची

भाच्यानं मला विचारलं होतं, ‘मामा, जास्त घातली तर जास्त थंड होईल की?’ वर तव्याचं सांगितलं ते इथं आठवा. जास्त घातली तर दाबानं बाकीची कडेनं बाहेर येते, एमएक्स ४ सारखी धातू नसलेली पेस्ट असेल तर शॉर्टबिर्ट होत नाही, फक्त घाण होते. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात आणि ते वाईट. म्हणजे नवीन माणसानं किंचित जास्तीकडं चूक केलेली चालेल.

माप सांगतो. चौकोनी जुन्या इंटेलला, सहाव्या पासून अकराव्या जनरेशनपर्यंत, आणि एएम४ ला बरोबर मधे एक ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. मसूर म्हणजे कमी, हरभरा म्हणजे जास्त. बारावी, तेरावी, चौदावी जनरेशन म्हणजे एलजीए १७०० सॉकेट, हे प्रोसेसर चौकोनी नाहीत, लांबट आहेत. तिथं मधल्या एका ठिपक्यानं दोन्ही टोकं कोरडी राहू शकतात, म्हणून मधे एक तुरीएवढा आणि चार कोपऱ्यांकडं मोहरीपेक्षा थोडे मोठे चार, असे पाच ठिपके द्या. एएम५ म्हणजे रायझन ७००० च्या पुढच्यांचं झाकण कडेनं कातरल्यासारखं असतं, त्या खाचांत बारीक पार्ट असतात, तिथं जास्त घातलेली पेस्ट जाऊन बसली तर नुकसान नाही पण काढताना जीव नकोसा होतो, म्हणून तिथं मधे एकच ठिपका, फार तर कोपऱ्यांकडं अगदी बारीक चार.

रेघ, फुली, गोल चकली, बरेच प्रकार लोकं दाखवतात. पुरेशी पेस्ट असेल आणि कूलर सरळ बसला असेल तर सगळ्यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. कार्डानं लोणी फासल्यासारखी पसरायची पद्धतही चुकीची नाही, काही कंपन्या ट्यूबबरोबर पसरायची पट्टी देतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून थर उंच-सखल होतो आणि कूलर बसताना त्या खळग्यांत हवा कोंडते. ठिपका दाबला की मधून बाहेर पसरत जातो आणि जाताना हवा पुढं ढकलत नेतो. म्हणून मी ठिपकाच सांगतो.

ट्यूबचा पहिला थेंब टिश्यूवर टाका, बरेच दिवस पडून राहिली असेल तर तोंडाशी नुसतं तेल सुटलेलं असतं.

बऱ्याच नव्या कूलरच्या तळाला कंपनीनंच करड्या रंगाची पेस्ट लावून दिलेली असते, तिच्यावर परत आपली घालायची नाही. एक तर ती तशीच वापरा, नाहीतर पूर्ण पुसून आपली लावा. आणि काही कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. एका दुकानात बसवून आणलेलं नवंकोरं मशीन माझ्याकडं आलं होतं, गेम सुरू केला की पाच मिनिटांत ९५. कूलर काढला तर तो कागद तसाच. सहा महिने त्या मुलानं त्याच्यावर काम केलं. तेव्हा बसवायच्या आधी तळ नखानं एकदा तपासा.

बसवणे

कूलर आधीच कुठल्या दिशेनं बसणार, फॅनची वायर कुठं पोचणार हे पेस्ट लावायच्या आधी कोरडं ठेवून बघून घ्या. पेस्ट लावल्यावर मग तो सरळ वरून खाली टेकवा, एकदा टेकला की उचलायचा नाही, सरकवायचा नाही. उचलला तर पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, आणि मग पुसून परत पहिल्यापासून. पेस्ट गेली तर गेली, पण तसंच बसवू नका.

स्क्रू असतील तर चारही आधी नुसते पकडवा, दोन-तीन वेढे. मग तिरके, डावा वरचा, उजवा खालचा, उजवा वरचा, डावा खालचा, प्रत्येकाला दोन वेढे असं फिरत राहा. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तोच हिशोब. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरी वर उचलते, पेस्ट एकीकडं जाड होते, आणि बाहेरून बघून काहीच कळत नाही. स्क्रू आपणहून थांबला की तुम्हीही थांबा, बहुतेक स्क्रूंना स्प्रिंग असते, दाब स्प्रिंग देते.

खुंट्यावाल्या इंटेल कूलरचा मात्र मला मनापासून राग आहे, कारण नवीन माणसं इथंच फसतात. आधी चारही खुंट्या बाणाच्या उलट्या दिशेनं फिरवून मूळ जागी आणा. पांढरे पाय बोर्डाच्या चारही भोकांत नीट उतरलेत का बघा. मग समोरासमोरच्या तिरक्या दोन एकदम दाबा, दोन्ही अंगठ्यांनी, ‘खट्’ आवाज येईपर्यंत, नंतर उरलेल्या दोन. जोर लागतो, बोर्ड थोडा वाकलेला दिसतो, पोटात गोळा येतो, पण तेवढा जोर लागतोच. झाल्यावर कॅबिनेटचा मागचा पत्रा काढून बोर्डाच्या पाठीमागून बघा, चारही ठिकाणी पांढरा पाय फाकून मधे काळी खुंटी आलेली दिसली पाहिजे. तीन बसल्या आणि चौथी अर्धवट, हा प्रकार मी एवढ्या वेळा बघितलाय की आता पेस्टचं नंतर बघतो, आधी कूलर हातानं हलवून बघतो. हलला तर बसलेला नाही.

पहिल्यांदाच करताय आणि ट्यूबमध्ये पेस्ट भरपूर आहे तर एक गोष्ट कराच. सगळं आवळून झाल्यावर लगेच परत सोडवा आणि उचलून दोन्हीकडचा ठसा बघा. पातळ, सगळीकडं पोचलेला, मधे धातू पुसटसा दिसतोय असा ठसा असेल तर माप आणि दाब दोन्ही बरोबर. एका बाजूला जाड लगदा आणि दुसरीकडं पातळ असेल तर कूलर तिरका बसत होता. कोपरे कोरडे असतील तर पेस्ट कमी. हे ब्लू लावून मॅच बघण्यासारखंच आहे. मग पुसा, परत लावा, परत बसवा. एक ठिपका पेस्ट जाते पण हात कायमचा बसतो.

फॅनची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा. दुसऱ्या जागी लावली तर बरेच बोर्ड सीपीयू फॅन एरर दाखवून अडून बसतात. वायर पात्यात अडकत नाही ना तेही बघा.

चालू करून बघणे

कॅबिनेट उघडंच ठेवून सुरू करा, फॅन फिरतोय का डोळ्यानं बघा, आणि पहिल्यांदा विंडोजमध्ये न जाता बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा, डिलीट किंवा एफ२ दाबून. तिथं सीपीयूचं टेंपरेचर दिसतं. दोन-चार मिनिटांत ४०-५० वर स्थिर झालं तर उत्तम. बघता बघता ८० च्या वर चढत निघालं तर लगेच बंद करा, कूलर बसलेला नाही. ते ठीक असेल तर विंडोजमध्ये जाऊन मघाचीच परीक्षा परत, दहा मिनिटं शांत, दहा मिनिटं सिनेबेंच, आणि आधीच्या आकड्यांशेजारी नवे लिहा.

वाळलेली पेस्ट बदलली असेल तर लोडवर दहा-पंधरा डिग्री उतरलेल्या मी बघितल्यात. पण आधीची पेस्ट बरीच असेल तर दोन-तीनच उतरेल, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. आणि काहीच फरक नसेल, तरी गरमच, तर परत पेस्ट लावत बसू नका, कॅबिनेटकडं बघा. पुढची जाळी धुळीनं बंद असते, मशीन टेबलाच्या बंद खणात कोंबलेलं असतं, मागचा फॅन उलटा लावलेला असतो. लई लोकं मशीन धूळ बसू नये म्हणून वर कापड घालून चालवतात, खानापूरकडं पावसाळ्यात ओल येते म्हणून प्लॅस्टिक घालतात. बंद असताना घाला, चालू असताना काढा.

लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉपचं तत्त्व हेच पण काम वेगळं, पाच-दहा डेस्कटॉप केल्याशिवाय हात घालू नका. तिथं प्रोसेसरवर झाकण नसतं, उघडी काच असल्यासारखी चिप असते, कोपरा टवकला तर संपलं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हीटसिंकच्या, म्हणजे तिथल्या कूलरच्या, स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, आवळताना त्याच क्रमानं आणि सोडताना उलट्या. चिप लहान असते म्हणून तिथं मात्र पेस्ट पूर्ण पसरून सगळा पृष्ठभाग झाकायचा. शेजारच्या मेमरी चिपांवर करड्या-निळ्या रबरासारख्या थर्मल पॅड असतात त्या जागी पेस्ट लावून चालत नाही, तिथली फट अर्धा ते दीड मिलीमीटरची असते, पेस्ट ती भरू शकत नाही. पॅड फाटली तर त्याच जाडीची नवी.

लॅपटॉपमध्ये चिप सारखी तापते-निवते आणि त्यानं पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून आता बरेच जण तिथं हनीवेलचं पीटीएम ७९५० वापरतात, ती पेस्ट नाही, पातळ कागदासारखी चकती असते, ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन फटीत शिरते. मापात कापून ठेवायची, एकदा गरम झाली की बसते. मी स्वतः आता लॅपटॉपला तीच लावतो.

परत कधी

दरवर्षी पेस्ट बदलायची गरज नाही. दरवर्षी काढायची ती धूळ, आणि मागाच्या घरात असाल तर दर तीन-चार महिन्यांनी. पेस्ट तीन-चार वर्षं सहज चालते, मग बदला, किंवा धूळ काढूनसुद्धा टेंपरेचर आधी लिहिलेल्या आकड्यापेक्षा आठ-दहा डिग्री वर दिसायला लागलं तेव्हा. आणि कुठल्याही कारणानं कूलर उचलला, बोर्ड बदलायला म्हणा, तर जुनी पेस्ट कितीही ओली असली तरी पुसून नवी.

उरलेल्या ट्यूबचं तोंड पुसून टोपण घट्ट लावा, झिपवाल्या पिशवीत घालून टोपण खाली करून उभी ठेवा, खिडकीच्या उन्हात नको, फ्रिजमध्येही नको. आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर आजची तारीख, पेस्टचं नाव, खोलीचं टेंपरेचर आणि ते दोन आकडे लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा, मगच झाकण लावा.